रोज डार्क चॉकलेट खाल्लं तर बीपी उतरतं का? आणि खायचंच तर किती, कोणतं?

प्रश्न थोडक्यात असा: वय ५६, बीपीसाठी टेलमिसार्टन ४० ची रोज एक गोळी, शेवटचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मुलगी जर्मनीहून येताना ८५ टक्केवाल्या डार्क चॉकलेटचे सहा बार घेऊन आली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या मेसेजमध्ये म्हटलंय की डार्क चॉकलेटने बीपी उतरतं, हृदय मजबूत होतं, वजन घटतं. बायको म्हणते शुगर वाढेल. रोज किती खावं, गोळी कमी होईल का, हे बार संपल्यावर केकच्या सामानाच्या दुकानातली स्वस्त डार्क स्लॅब चालेल का, आणि एका बारवर पांढरे डाग आलेत, तो फेकायचा का?

आधी गोळीचं बोलू. ती बंद करायची नाही, अर्धीही करायची नाही. हे इतकं ठासून सांगते, कारण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण चॉकलेट, लसूण, बीटचा रस असं काहीतरी सुरू करतात आणि दोन आठवड्यांनी आपल्याच मनाने गोळीला सुट्टी देतात. बीपी त्यानंतर चढतं तेव्हा कळतही नाही. गोळीचा डोस फक्त तुमचे डॉक्टर ठरवतील, तोही घरी लिहून ठेवलेल्या रीडिंगवरून.

मेसेजमधलं सगळंच थापा नाही, हेही खरं. कोकोच्या बीमध्ये फ्लॅवनॉल नावाची द्रव्यं असतात, त्यातलं मुख्य एपिकॅटेचिन. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि त्यामुळे वाहिनी सैल पडते. एपिकॅटेचिन या कामाला मदत करतं. हे प्रत्यक्ष मोजता येतं. दंडावर पट्टा आवळून सोडायचा आणि धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीवर बघायचं. फ्लॅवनॉलयुक्त कोको प्यायल्यावर दोनेक तासांत हा फरक दिसतो.

या सगळ्या संशोधनाला जोर आला तो पनामाच्या गुना आदिवासींमुळे. सॅन ब्लास बेटांवर राहणाऱ्या या लोकांचं बीपी वय वाढलं तरी वाढत नव्हतं. तेच लोक पनामा सिटीत राहायला गेले की वाढायचं. हार्वर्डचे नॉर्मन हॉलेनबर्ग यांनी कारणं शोधली तेव्हा लक्षात आलं, की बेटावरची माणसं दिवसातून कित्येक कप कोकोचं पेय पितात आणि शहरात गेल्यावर ते जवळपास सुटतं. अर्थात बेटावर मासे जास्त, चालणं जास्त, ताण वेगळा. शिवाय ते पीत होते तो कमी प्रक्रिया केलेला कोको होता, वेष्टनातला बार नव्हे. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांच्या हातून नेमका हाच भाग गळतो.

मग चाचण्यांमध्ये काय दिसलं? कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये अशा ३५ चाचण्या एकत्र तपासल्या, मिळून सुमारे १,८०० माणसं. कोको घेणाऱ्यांचं बीपी सरासरी १.८ मिलिमीटरने उतरलं. ज्यांचं आधीच वाढलेलं होतं त्यांच्यात फरक जास्त, साधारण ४ मिलिमीटर. तुमच्या घरच्या मशीनवर पाठोपाठ दोन रीडिंग घेतलीत तरी याहून मोठा फरक दिसू शकतो. शिवाय या चाचण्यांत दिवसाला सरासरी ६७० मिलिग्रॅम फ्लॅवनॉल दिलेले होते आणि त्या २ ते १८ आठवडेच चालल्या. परिणाम आहे, पण छोटा. त्याच्या शेजारी मिठाचं गणित ठेवून बघा. दिवसाचं मीठ चार-साडेचार ग्रॅमने, म्हणजे चमचाभरापेक्षा थोडं कमी, उतरवलं की वरचं बीपी सरासरी ४ मिलिमीटरने खाली येतं, आणि बीपीच्या रुग्णांत ५ च्या पुढे. लोणचं, पापड, संध्याकाळचं फरसाण आणि ताटात वरून घेतलेलं मीठ, यात हात घातला तर सहा बारपेक्षा जास्त काम होईल. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, मला माहीत आहे.

हृदयाबद्दल सर्वांत मोठी चाचणी अमेरिकेत झाली, कॉसमॉस नावाची. २१ हजारांवर ज्येष्ठ नागरिक, निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅवनॉलची कॅप्सूल, निम्म्यांना तशीच दिसणारी पण कोको नसलेली कॅप्सूल, मुदत साडेतीन वर्षांच्या आसपास. २०२२ मध्ये निकाल आला. हृदयविकाराच्या एकूण घटना १० टक्क्यांनी कमी दिसल्या, पण हा फरक योगायोगानेही येऊ शकतो इतका लहान होता. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी निघाले. ते चाचणीचं मुख्य उद्दिष्ट नव्हतं, त्यामुळे शास्त्रज्ञ त्याकडे आशेने बघतात, पण त्यावरून औषध लिहून देत नाहीत. याच चाचणीत कोकोमुळे स्मरणशक्ती सुधारल्याचं दिसलं नाही आणि मधुमेह टळल्याचंही दिसलं नाही. खर्चाचा काही वाटा मार्स या चॉकलेट कंपनीने उचलला होता, तेही ध्यानात असू द्या.

आणि ती कॅप्सूल होती. हा मुद्दा मी पुन्हा पुन्हा सांगते. साध्या डार्क बारमधून ५०० मिलिग्रॅम फ्लॅवनॉल मिळवायचे तर बहुतेक वेळा जवळपास अख्खा १०० ग्रॅमचा बार खावा लागेल, म्हणजे ६०० कॅलरी. तेवढ्या कॅलरीत दोन-तीन पोळ्या, भाजी आणि वाटीभर वरण सहज बसतं.

टक्केवारीवरही फार विसंबू नका. ८५ टक्के म्हणजे कोकोचा गर आणि कोको बटर मिळून ८५. फ्लॅवनॉल असतात गराच्या बिगरचरबी भागात, बटरमध्ये नाहीत. म्हणून दोन ७० टक्केवाल्या बारांत फ्लॅवनॉल अगदी वेगवेगळे असू शकतात. व्हाइट चॉकलेटमध्ये तर नावालाही नसतात, कारण त्यात गरच नसतो. शिवाय बी आंबवताना, भाजताना फ्लॅवनॉल घटतात. सर्वांत मोठा घाला पडतो अल्कलीच्या प्रक्रियेत. कोकोचा कडवटपणा आणि आंबटपणा घालवायला, रंग गडद करायला त्यावर पोटॅशियम किंवा सोडियम कार्बोनेटची प्रक्रिया करतात. जोरदार प्रक्रिया झालेल्या कोकोत मूळच्या फ्लॅवनॉलचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणजे काळाकुट्ट रंग हा गुणाचा पुरावा नाही, कित्येकदा उलटच. लेबलवर 'ॲसिडिटी रेग्युलेटर' असं लिहून पुढे ५०० किंवा ५०१ हा आकडा असेल, तर ती प्रक्रिया झालेली आहे असं धरून चाला.

म्हणूनच सरकारी यंत्रणा हात राखून बोलतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये मान्य केलं की रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅवनॉल रक्तवाहिन्यांची लवचिकता टिकवायला मदत करतात. अमेरिकेच्या एफडीएने २०२३ मध्ये परवानगी दिली ती फक्त जास्त फ्लॅवनॉल राखलेल्या कोको पावडरला, त्यातही 'पुरावा फार मर्यादित आहे' हे छापण्याच्या अटीवर. चॉकलेटला दिलीच नाही.

वजन घटण्याचं तर विसराच. २०१५ मध्ये जॉन बोहानन या पत्रकाराने मुद्दाम एक चाचणी रचली. जर्मनीत पंधरा-सोळा माणसं घेतली, त्यातल्या काहींना आहारासोबत डार्क चॉकलेट दिलं, आणि वजन, कोलेस्टेरॉल, झोप अशा १८ गोष्टी मोजल्या. इतक्या कमी माणसांवर इतक्या गोष्टी मोजल्या की एखादी तरी नुसत्या नशिबाने बरी निघतेच. निघाली वजनाची. पैसे भरून छापणाऱ्या एका नियतकालिकाने ती जशीच्या तशी छापली आणि बातमी जगभर गेली. मग त्याने स्वतःच सांगितलं की पोषणाच्या बातम्या किती सहज खपतात हे दाखवायला हे केलं होतं. खुलासा फारसा कुणी वाचला नाही. तुमच्या फोनवर आलेला मेसेज बहुधा त्याच कुळातला आहे.

आता तुमच्या घरातल्या वादाकडे येते. शुगरच्या बाबतीत तुमच्या पत्नीची भीती रास्त आहे, फक्त या बारला ती तितकीशी लागू नाही. ८५ टक्केवाल्या बारमध्ये १०० ग्रॅममागे साखर साधारण १४-१५ ग्रॅम असते. २० ग्रॅम खाल्लंत तर ३ ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचाही पुरता भरत नाही. चरबी भरपूर असल्याने ती साखर रक्तात हळूहळू उतरते. पण आपल्याकडे दुकानात 'डार्क' म्हणून मिळणारे बरेचसे बार ४५-५५ टक्क्यांचे असतात. लेबल उलटून बघा, घटकांच्या यादीत पहिलं नाव साखरेचं सापडेल. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते, म्हणजे तुम्ही विकत घेतलीत ती मुख्यतः साखर. त्याचे २० ग्रॅम म्हणजे जवळपास दोन चमचे.

२०२४ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्य क्षेत्रातली माणसं, वर्षानुवर्षांच्या नोंदी. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा डार्क चॉकलेट खाणाऱ्यांत टाइप-२ मधुमेह २१ टक्क्यांनी कमी आढळला. मिल्क चॉकलेटमध्ये असा फायदा नव्हता, उलट वजन वाढलेलं दिसलं. पण डार्क चॉकलेट आवडीने खाणारा माणूस एरवीही बरं खातो, चालतो, तपासण्या वेळेवर करतो, हे अशा नोंदींमधून पूर्ण वेगळं काढता येत नाही. कॉसमॉसमध्ये चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी करून कोको दिला तेव्हा मधुमेह कमी झाला नाही. दोन्ही एकत्र वाचलं तर मला असं दिसतं, की चॉकलेट मधुमेह रोखत नाही, पण थोडं खाल्ल्याने बिघडतही नाही. तुमच्याकडे ग्लुकोमीटर असेल तर वाद दोन दिवसांत मिटेल. एक दिवस नेहमीच्या जेवणानंतर दोन तासांनी शुगर बघा. दुसऱ्या दिवशी तेच जेवण, त्यावर २० ग्रॅम चॉकलेट, पुन्हा दोन तासांनी बघा. आकडे पत्नीसमोर ठेवा.

आता प्रमाण. दिवसाला १५ ते २० ग्रॅम. तुमचे बार १०० ग्रॅमचे असतील तर बहुतेक त्यावर दहा चौकोन पाडलेले असतात, त्यातले दोन. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून खात्री करा, कारण अंदाज नेहमी जास्तीच्याच बाजूला चुकतो. २० ग्रॅममध्ये सुमारे १२० कॅलरी आणि आठ-नऊ ग्रॅम चरबी असते. त्या चरबीतला मोठा वाटा स्टिअरिक आम्लाचा, जे बाकीच्या संपृक्त चरबीसारखं वाईट कोलेस्टेरॉल वाढवत नाही. पण कॅलरी त्या कॅलरीच. रोजच्या खाण्यात या १२० वरून पडल्या तर वर्षाअखेर पोटावर दिसतील. म्हणून माझी एकच अट असते: काहीतरी काढा आणि मग हे घाला. तुमच्या चारच्या चहासोबत बिस्किटं असतील तर ती काढा. जेवणानंतर पेढा, बर्फी, गुळाचा खडा असेल तर तो काढा. फायद्याचा मोठा भाग खरं तर या अदलाबदलीत आहे. दोन चौकोन कडवट चॉकलेट खाल्ल्यावर आणखी गोड नकोसं होतं, हा अनुभव माझ्याकडे येणारे बरेच जण सांगतात. तोंडात ठेवून विरघळू द्या, चावून गिळू नका. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, त्याला तुमच्या तोंडाची ऊब पुरते. बाकीचा बार आधी डब्यात बंद करून वरच्या फळीवर ठेवा आणि मग बसा.

वेळ दुपारची बरी. २० ग्रॅममध्ये कॅफिन थोडंच, १५-१६ मिलिग्रॅम, पण थिओब्रोमिन नावाचं त्याचं भावंड १६० मिलिग्रॅमच्या घरात असतं. झोप नाजूक असलेल्यांना रात्री त्रास होतो. जळजळीचा त्रास असेल तर रात्री मुळीच नको, कारण चॉकलेटमुळे अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते. अर्धशिशी, ऑक्झलेटचे मुतखडे किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. घरात कुत्रा असेल तर त्याच्या तोंडाला अजिबात लागू देऊ नका. ते थिओब्रोमिन त्याला पचत नाही आणि ८५ टक्केवाला बार त्याच्या जिवावर बेतू शकतो.

लोह, मॅग्नेशियम वगैरेची यादी मेसेजमध्ये असतेच. मॅग्नेशियम ठीक, २० ग्रॅममध्ये ४५ मिलिग्रॅमच्या आसपास. लोह कागदावर सव्वादोन-अडीच मिलिग्रॅम, पण कोकोतलीच द्रव्यं ते शोषू देत नाहीत. रक्त कमी असलेल्या बायकांनी चॉकलेटच्या भरवशावर राहू नये.

'मापात खा' यामागे कॅलरीखेरीज आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. कोकोचं झाड जमिनीतलं कॅडमियम, म्हणजे एक विषारी धातू, ओढून घेतं, विशेषतः दक्षिण अमेरिकेतल्या काही जमिनींमधलं. शिसं येतं नंतर, बी उघड्यावर वाळताना बसणाऱ्या धुळीतून. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०२२ मध्ये २८ डार्क बार तपासले. दोन्ही धातू सगळ्यांत सापडले, आणि २३ बार असे निघाले की रोज औंसभर, म्हणजे २८ ग्रॅम, खाल्लं तर कॅलिफोर्नियाची कडक मर्यादा किमान एका धातूत ओलांडली जाईल. युरोपात ५० टक्क्यांपुढच्या चॉकलेटला किलोमागे ०.८ मिलिग्रॅम कॅडमियमची कमाल मर्यादा आहे, तुमच्या मुलीने आणलेले बार त्या नियमाखाली विकले गेलेत. कोको जितका जास्त तितके हे धातूही जास्त असण्याची शक्यता, त्यामुळे ९०-९९ टक्क्यांच्या मागे लागण्यात शहाणपण नाही. एकच ब्रँड वर्षभर धरून बसू नका, आठवड्यातले दोन दिवस सोडा. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी हे रोजचं करू नये.

केकच्या दुकानातली स्लॅब चालणार नाही. तिच्यावर 'डार्क कंपाउंड' लिहिलेलं असतं. दिवाळीत घरोघरी साच्यात घालून रंगीत कागदात गुंडाळतात ती होममेड चॉकलेटं बहुतेक याचीच. त्यात साखर, हायड्रोजनेटेड वनस्पती चरबी आणि थोडी कोको पावडर असते, कोको बटर नसतं. ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली हे बरं झालं, तरी उरलेली चरबी बहुतेक पामच्या कुळातली, संपृक्तच. घ्यायचीच तर घटकांत कोको मास (म्हणजे गर) आणि कोको बटर ही दोन नावं आणि ७० च्या पुढचा आकडा असलेली स्लॅब बघा. केरळ, आंध्र, कर्नाटकातल्या कोकोपासून बनवलेले चांगले बार आता पुण्या-मुंबईत मिळतात. महाग आहेत, पण दोन चौकोनांच्या हिशेबाने १०० ग्रॅमचा बार पाच दिवस जातो.

'शुगर-फ्री' लिहिलेल्या बारची मात्र घाई करू नका. त्यात बहुतेक वेळा माल्टिटॉल असतं, लेबलवर ९६५. ते शुगर थोडी वाढवतंच, आणि जास्त झालं की पोट फुगतं, जुलाब होतात. बारपेक्षा स्वस्त आणि बिनसाखरेचा मार्ग हवा असेल तर अल्कली प्रक्रिया न केलेली कोको पावडर, एक चमचा, कोमट दुधात किंवा पाण्यात. ड्रिंकिंग चॉकलेटचा डबा वेगळा, त्यात मुख्यतः साखर असते.

राहिला पांढऱ्या डागांचा बार. ती बुरशी नाही. प्रवासात किंवा उकाड्यात कोको बटर वितळून पुन्हा गोठलं की वर येतं आणि राखाडी-पांढरा थर दिसतो. बोटाने चोळलंत तर पुसला जातो. चव थोडी खडबडीत लागेल, पण खायला चालतो. बुरशी लोकरीसारखी वर उठलेली असते आणि तिला कुबट वास येतो, तसं असेल तरच फेका. बाकीचे पाच घट्ट झाकणाच्या डब्यात घालून कपाटात, गॅसपासून लांब ठेवा. उन्हाळ्यात फ्रिजच चांगला, फक्त डबा नीट बंद हवा, नाहीतर कांद्या-लसणाचा वास धरतात.